राजधानीची गाडी, फलाट तीन

पहाटे पाच वाजून पंचवीस मिनिटांनी सूचनाताई बसस्थानकाच्या काचेच्या केबिनमध्ये माइकवर बोटाने टकटक करत होत्या. माइक चालू आहे की बंद, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. त्याचा लाल दिवा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. टकटक चारही फलाटांवर घुमली. बाकावर झोपलेला एक माणूस दचकून उठून बसला, म्हणजे माइक चालू होता.

"एक सूचना. राजधानीला जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. प्रवाशांनी वेळ न दवडता आपली जागा घ्यावी."

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथेच असतं. प्रत्येक घोषणा 'एक सूचना'ने सुरू होते म्हणून कंडक्टरांनी पहिल्याच महिन्यात त्यांचं बारसं उरकलं. नवरा फ्रिज दुरुस्त करतो. घरात काही बिनसलं की तोही "एक सूचना आहे" असं म्हणून तोंड उघडतो. सासूबाईंना कमी ऐकू येतं. सुनेच्या आवाजाचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. बहिरेपणामुळे असेल, असं सगळे म्हणतात.

नऊ वर्षं सूचनाताई रोजंदारीवर होत्या. आता त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव स्थानकप्रमुखांच्या टेबलावर येऊन पडला होता. साहेबांनी शिफारस करून तो शनिवारपर्यंत वर पाठवला तर पाठवला, नाहीतर पुन्हा तीन वर्षं वाट पाहायची. साहेब रोज म्हणायचे, "बघू." साहेबांचं 'बघू' स्थानकात प्रसिद्ध होतं. त्या लाल दिव्याबद्दलही ते दोन वर्षं बघतच होते.

त्याच सुमारास राज्यात दुसरी एक जागा रिकामी झाली. राष्ट्रीय सभागृहात राज्याच्या वाट्याला आलेल्या जागेवर एकच गृहस्थ बावीस वर्षं बसून होते. गुडघ्यांमुळे या वेळी आपण उभे राहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बसायला त्यांची हरकत नव्हती. उभं राहणं जमत नव्हतं.

"आता खिडकीतून रुमाल कोण आधी टाकतो ते बघायचं," राजधानीच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला.

रुमाल अकरा जणांनी टाकले. मतपत्रिकेवर पहिला क्रमांक एका प्राध्यापिकाबाईंना मिळाला, तिसरा एका सिमेंटच्या व्यापाऱ्याला.

सोमवारी संध्याकाळी सूचनाताई भाजी घेत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून त्यांचा स्वतःचा आवाज वळून आला. मागोमाग भोंगे लावलेली जीप आली. "राजधानीला जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. प्रवाशांनी वेळ न दवडता आपली जागा घ्यावी." मग ढोल, मग सिमेंटवाल्यांचं नाव, मग "लक्षात ठेवा, क्रमांक तीन!"

भाजीवाली जीपकडे बघत राहिली, मग ताईंकडे. "अगं बाई, तुम्ही इथे आहात ना? मग तिथे कोण बोलतंय?"

घरी नवरा दारातच उभा होता. "किती दिले त्यांनी?"

"कुणी?"

"सिमेंटवाल्यांनी."

"काही नाही."

"म्हणजे फुकट केलंस?"

"अहो, मी केलंच नाही!"

"तेच म्हणतोय मी. फुकट."

जीप गल्लीत शिरून नेमकी त्यांच्याच खिडकीखाली थांबली. सासूबाईंनी मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच सुनेचा आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचला होता.

"आवाज बरा आहे तुझा," त्या म्हणाल्या. "पण बाईमाणसाने इतकं ओरडू नये."

बुधवारी साहेबांच्या खोलीत निवडणूक कार्यालयाचे निरीक्षक येऊन बसले. समोर प्राध्यापिकाबाईंचे वकील. सूचनाताई दाराशी उभ्या, कारण खुर्च्या तीनच होत्या. वकिलांच्या मागण्या दोन होत्या. सरकारी स्थानकात काम करून प्रचार केला म्हणून सूचनाताईंना आजच कामावरून काढावं. आणि राजधानीची गाडी तीन नंबरवरून हलवावी, कारण ती तिथे उभी राहणं हाच प्रचार आहे.

"एक नंबरवर लावू?" साहेबांनी विचारलं.

वकील म्हणाले, "एकला आमची तशी हरकत नाही."

"उमेदवार अकरा आहेत," निरीक्षक म्हणाले. "फलाट चार. सगळ्यांची हरकत जायला बारावा फलाट बांधावा लागेल. आधी बाईंचं बघू. साहेब, तुमचं म्हणणं?"

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "मला यातलं काहीच माहीत नाही. रोजंदारीचा माणूस ड्यूटी सुटल्यावर काय करतो, कुठे जातो, आपण कसं सांगणार?"

सूचनाताईंनी टेबलाकडे पाहिलं. प्रस्ताव पेपरवेटखालीच होता.

"मी कुणासाठी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "रोज जे बोलते तेच आहे ते."

"ऐकूया," म्हणत निरीक्षकांनी मोबाइल टेबलावर ठेवला. जीपवर वाजत होतं तेच, पण या खोलीत गर्दी नव्हती, गाड्या नव्हत्या. सूचनाताईंचं वाक्य संपलं आणि ढोल सुरू व्हायच्या आत, मागून, एक पुरुषी आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अहो, माइक बंद करा आधी! गावभर ऐकू जातंय!"

निरीक्षकांनी ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मग सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, जरा 'माइक बंद करा' म्हणता?"

"मी कशाला..."

"म्हणा तर खरं."

साहेब म्हणाले. शंकेला जागा उरली नाही.

"म्हणजे प्रचारात तुम्ही दोघेही आहात," वकील म्हणाले आणि त्यांनी कागदावर दुसरं नाव लिहायला घेतलं.

साहेबांचा पेपरवेट थांबला. "काय बोलताय! फलाटावर उभं राहून कुणीतरी चोरून रेकॉर्ड केलंय हे! बाई ड्यूटीवर होत्या. केबिनमध्ये. मी स्वतः साक्षीला होतो!"

"मघाशी तुम्हाला काहीच माहीत नव्हतं."

"आता आठवलं."

"आणि माइक चालू का राहिला होता?"

साहेबांनी सूचनाताईंकडे पाहिलं.

"लाल दिवा, साहेब," त्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी निकाल दिला: आवाज स्थानकाच्या भोंग्यावरून उचललेला आहे, जीपवर तो वाजवायचा नाही, बाईंचा दोष नाही. मात्र मतदान संपेपर्यंत राजधानीच्या गाडीची घोषणा फलाटाचा क्रमांक न सांगता व्हावी. एवढं तरी पदरात पडलं म्हणून वकील उठले.

त्यानंतरचे दिवस राजधानीचे प्रवासी बोचकी सावरत चारही फलाटांवर धावले. ज्यांना धाप लागली ते केबिनच्या काचेशी येऊन विचारायचे, "ताई, लागलीय कुठे?" सूचनाताई तोंड मिटून काचेपलीकडून तीन बोटं दाखवायच्या. बोट दाखवण्याबद्दल आदेशात काही नव्हतं.

शुक्रवारी साहेबांनी प्रस्तावावर सही केली. बाईंवर डाग राहिला तर तो आपल्यावरही उडेल, कारण त्याच आवाजामागचा आवाज आपला आहे, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: "कामात तत्पर. माइक बंद करण्याकडे लक्ष द्यावे. कायम करण्यास हरकत नाही." शनिवारी प्रस्ताव वर गेला. त्याच टपालातून लाल दिव्याची मागणीही गेली.

रविवारी मतदान झालं. सासूबाई बोटाला शाई लावून घेऊन आल्या.

"तुझ्या गाडीला दिलं हो मत," त्या म्हणाल्या. "सुटते किती वाजता?"

सूचनाताई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि, ड्यूटीवर नसतानाही, पूर्ण सूचना दिली. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, मतदान संपलं होतं आणि आदेशही. उद्या राजधानीची जलद गाडी पाच वाजून चाळीस मिनिटांनी सुटेल. फलाट क्रमांक तीन.