तीनशे ओहमच्या सुमनताई

धडधाकट यंत्र रिक्षात मांडीवर घेऊन दुरुस्तीला नेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. तेव्हा मी नुकतीच निवृत्त झालेली, म्हणजे माझ्या मते तरुणच. शिवाय नवं नवं ज्ञान झालेलं. अर्धवट ज्ञानाला पाय फार लवकर फुटतात.

हे ज्ञान दिलं शेजारच्या सुमनताईंनी. मूळच्या निफाडच्या, आयुष्यभर नाशकात शिक्षिका. वाचायला बसल्या की एकेक शब्द घासून पुसून ठेवलेला; बोलायला लागल्या की थेट निफाड. अंध विद्यार्थ्यांसाठी त्या घरीच पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करायच्या. मलाही त्यांनीच ओढलं. एक धडा त्या वाचत, एक मी. मग डोक्यावर भलामोठा हेडफोन चढवून दोन्ही धडे त्या तपासत. मी गिळलेली अक्षरं, भाजीवाल्याची आरोळी, पंख्याची कुरकुर, काही म्हणून सुटायचं नाही. "पोरं कानानं वाचतात. माझ्या हातून चूक पुढं गेली, की त्या दिवशी दुकान बंद," असं त्या म्हणत, आणि ते खरं करतील अशीच ती बाई होती.

पहिल्याच आठवड्यात मी तो हेडफोन माझ्या मोबाइलला जोडला. मुंगी कुजबुजावी तसा आवाज. "बिघडला वाटतं," मी म्हणाले.

"बिघडला नाय, तीनशे ओहमचा हाय. आमच्या द्राक्षबागेत ठिबकची बारीक नळी असते ना, तसं. मागून दाब असल्याशिवाय पाणी पुढं सरकत नाय. मोबाइलचा दाब पडतो कमी. म्हणून ही डबी." डबी म्हणजे त्यांचा ॲम्प्लिफायर. "आणि तुझा तो कानात घालायचा चिमुकला बत्तीस ओहमचा. म्हणजे मोठी नळी. त्याला ह्याच दाबावर जोडशील तर धो धो. म्हणून आधी बटण खाली, मग पिन आत."

मी अर्थातच बटण खाली न करता माझा इअरफोन जोडून पाहिला. अशी किंचाळले की त्यांच्या खिडकीतली कबुतरं उडाली. सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "आता कळलं. चल, पुढचा धडा."

पुढे केव्हातरी ते बटण सरकायला लागलं. आधी निम्म्यावर असायचं. मग निम्म्याच्या पुढे. मग जवळजवळ शेवटाला. त्यांच्यानंतर मी हेडफोन लावला की कान फुटायचे. मला वाटलं, माझे कान तरुण, म्हणून! असं मनाशी म्हणणारी ती बाई आज भेटली तर तिचाच कान धरीन.

मग एका विद्यार्थिनीचा फोन आला. स्पीकरवर तिचा हसरा आवाज: "मावशी, इतिहासाच्या धड्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आल्यात. वरण शिजलं का?"

आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर सुमनताई हसायच्या थांबल्या. रोजची दुसरा धडा वाचायची वेळ झाली, तरी त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

मी मात्र लगेच निदान केलं. तीनशे ओहमला दाब पुरत नाही, म्हणजे डबी थकली! "मी आणते दुरुस्त करून," असं म्हणत वायरी गुंडाळल्या. सुमनताईंनी हेडफोन तेवढा स्वतःच्या हातांनी पिशवीत ठेवला.

द्वारका चौकाजवळच्या दुकानदारानं डबी उघडली, तपासली, बंद केली. "आजी, एकदम ओके आहे."

"आजी कोणाला म्हणतोस? आवाजच येत नाही तिच्यातून!"

त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवून बटण निम्म्यावर आणलं. दुकान दणाणल्यासारखं वाटलं मला. "येतोय ना? मग ऐकू कोणाला येत नाही?"

मला सुमनताईंचं ते सरकत गेलेलं बटण आठवलं, आणि मी वायरी पुन्हा गुंडाळल्या. परतताना रिक्षाभर मी ती डबी आजारी मांजरासारखी पोटाशी धरून बसले होते.

सुमनताई आता नाहीत. हेडफोन माझ्याकडे आहे आणि माझं बटणही हल्ली निम्म्याच्या पुढे गेलंय. नात ते मला मुद्दाम मोठ्यानं सांगते. पण त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभी राहून, "झाली बाई दुरुस्त! वायर सैल होती," असं ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी बटण आधी खाली केलं, पिन आत घातली, हेडफोन चढवला आणि बटण सावकाश फिरवत नेलं, थेट पूर्वीच्याच जागी. मग हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवला, माझे केस नीट केले आणि म्हणाल्या,

"खोटं बोलताना तुझा आवाज चढतो रजनी, तेवढं येतं अजून ऐकू. डबी धड हाय, मला ठाव होतं. माझ्या तोंडून निघंना, म्हणून जाऊ दिलं तुला. दुकान बंद नाय करायचं. उद्यापासून कान तुझे, मी नुसती वाचणार. आणि आधी तो गॅस बंद कर बाई, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला नाय कळलं."