माजघरातल्या गवताला धूप

एक गोष्ट मी आता छातीठोक सांगतो. पाण्यातल्या गवताला कंदील चालत न्हाई. काच कितीबी घासा, वात कितीबी चढवा, चालत न्हाई. माझं बघून बीडात दोघातिघांनी काचेच्या पेट्या करून घेतल्यात, मासे सोडलेत, गवत लावलंय, अन् पहिलं काम काय केलं तर शेजारी कंदील ठेवला. म्हणून सांगतोय, मीबी तेच केलतं.

आमची पेटी अक्कासाठी झाली. अक्का म्हंजी माझी थोरली बहीण. माहेरपणाला आली अन् कपिलधारला धबधब्याखालच्या ओल्या दगडावरून सटकली. पाली गावच्या हाड बसवणाऱ्यानं पायाला कामट्या बांधल्या अन् सव्वा महिना पाय टेकायचा न्हाई म्हणला. माजघरात बाज टाकली. आमचं माजघर असं, की भर दुपारी सुईत दोरा ओवता येत न्हाई. माळवदाला वीतभर झरोका, तेवढाच उजेड. दिवसभर बडबडणारी अक्का चार दिवसात गप झाली. भिंतीकडं तोंड करून पडायची. मला वाटलं, हिला बघायला कायतरी जितं पाहिजे.

बाजारात कंदील दुरुस्त करणारे एक चाचा हायेत. त्यांनी पत्र्याची चौकट केली, चारी बाजूंनी काचा बसवल्या, सांध्यात लाख भरली. पाणी थेंबभर गळलं न्हाई. बिंदुसरा नदीतून पाच बारके चंदेरी मासे आणले अन् गवत थेट कपिलधारहून. अक्का म्हणली, "ज्यानं पाय मोडला त्येच पाणी घरात आणलंस व्हय रे." पण कूस बदलून पेटीकडं तोंड केलं तिनं. कितीक दिवसांनी.

आठवडाभरात गवत पिवळं पडलं. मी शेजारी कंदील ठेवला. एक न्हाई, दोन. काचेवर काजळी, अक्काला घासलेटाच्या वासानं ठसका, मासे सगळे लांबच्या कोपऱ्यात, अन् गवत पिवळंच. चाचांकडं गेलो तर ते हातातलं काम न सोडता म्हणले, "मियाँ, कंदील आदमी के वास्ते. घास कू कंदील नको, धूप होना. रोज सुबू थोडी धूप देव, जादा नको, पानी तप जाता."

माझी शाळा फौकानिया, सगळं शिक्षण उर्दूत, मला फट्‌दिशी कळलं. पण त्याच दिवशी धर्मापुरीला मामाकडं लग्नाला निघायचं व्हतं. बैलगाडी दारात उभी. मी पळत आत आलो अन् आत्याला ओरडून सांगितलं, "चाचा म्हणलेत, पेटीला रोज सकाळी धूप द्या. थोडा. जास्त न्हाई." आत्या म्हणली, "बरं, देते." आई गेल्यापासून घर आत्याच बघती, अन् तिनं बरं म्हणलं की काम झालंच समजायचं.

झालंच व्हतं. नऊ दिवसांनी आलो तर माजघरात धुराचा वास. पाण्यावर राखेची साय. एक मासा उताणा. गवत तपकिरी, बोट लावलं की सुटायचं. पेटीसमोर धुपाटणं, त्यात निखारे अन् राळ.

"हे काय केलंस आत्या?"

"तूच म्हणलास ना, धूप दे. रोज आंघोळ करून देते. थोडाच देते."

"अगं धूप म्हंजी ऊन. त्यांच्या बोलीत धूप म्हंजी ऊन."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "मग ऊन म्हणायला जीभ झडली व्हती का तुझी? मलाबी वाटलं, माशाला कावून धूप. म्हणलं असंल त्यांच्यात रीत."

अक्काचे डोळे लालबुंद. नऊ दिवस धूर सोसला, तिला वाटलं हा पेटीवरचा इलाज हाय. ती हसली न्हाई. म्हणली, "काढ ते इथून. मेलेलं गवत बघत पडायला मी काय मसणात हाय का? अन् परत काही आणू नको." अन् भिंतीकडं वळली.

चूक माझीच. शब्द जसाच्या तसा उचलून फेकला अन् गाडीत बसलो. पण मला पक्कं ठाऊक व्हतं, चाचांचा इलाज खोटा न्हाई, तो झालाच न्हाई अजून. मी म्हणलं, "अक्का, आठ दिवस दे. मग मीच आडात ओततो." तिनं पांघरूण डोक्यावरून ओढलं. मी तेच हो धरलं.

पेटी अंगणात ठेवली असती तर सोपं व्हतं. पण मग अक्काला काय दिसणार? ऊनच आत आणायचं. पाणी बदललं, कपिलधारहून नवं गवत आणलं. झरोक्यातली तिरीप जमिनीवर कशी सरकती ते कोळशानं आखून घेतलं. फार तर तासभर टिकायची, तेवढ्यानं भागणार न्हाई. पुन्हा चाचांकडं. त्यांनी कोरा चकचकीत पत्रा दिला अन् धुपाटण्याची गोष्ट ऐकून एवढे हसले की हातोडी खाली ठेवावी लागली.

पत्रा अंगणात तिरका उभा केला. उन्हाचा चौकोन दारातून आत गेला, आधी आत्याच्या तोंडावर, मग उतरंडीवर, मग पेटीवर. पाणी एकदम हिरवं पेटलं. अक्का तशीच, भिंतीकडं तोंड करून. मी सकाळ-संध्याकाळ पत्रा लावायचो, दुपारी काढायचो.

पाचव्या दिवशी अक्काच म्हणली, "हे फुगे कसले रे?" पानांच्या कडेला बारीक बारीक चंदेरी फुगे आलते, एकामागं एक सुटून वर जायचे. ती कोपरावर उठून बघत व्हती. कधी वळली, मला कळलंबी न्हाई.

"गवत दम घेतंय," मी म्हणलं. खरं काय ते मला ठाऊक न्हाई, पण ऊन हटलं की फुगे थांबतेत अन् आलं की सुरू व्हतेत, हे मी कुणालाबी दाखवू शकतो.

मग तिचंच सुरू झालं. पत्रा डावीकडं कर. आता खाली. ऊन माशांवर गेलं, गवतावर आण. मला अंगणातून हलू देईना. शेवटी पत्र्याला सुतळी बांधली अन् टोक तिच्या बाजेला आणून दिलं. ओढलं की पत्रा कलायचा, सोडलं की सरळ.

आठवा दिवस माझ्याबी लक्षात राहिला न्हाई. सकाळी मी अंगणात पत्रा पुसत व्हतो तर आतून सुतळीला हिसका बसला.

"तू शाळेत जा बे," अक्का म्हणली. "मधी उभा राहतोस अन् सगळं ऊन अडवतोस."