सगळ्यात वर दादांचं नाव

निकाल लागला त्या सकाळी सातच्या बसमध्ये कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, आणि मला पहिला राग त्याचाच आला.

शेजारच्या देशानं राष्ट्राध्यक्ष निवडला होता. कुणीही जिंकलं तरी इतिहास घडणार, असं टीव्हीवाले महिनाभर सांगत होते. घडला. जो माणूस भर सभेत म्हणत होता की बाहेरून येणाऱ्या मालावर कर लावीन, तो जिंकला. आणि मी कॅनडातल्या हॅमिल्टनच्या ज्या वर्कशॉपमध्ये डिस्पॅचचं काम करते, तिथले बहुतेक स्टीलचे रॅक ट्रकात चढून, सीमेवरचा पूल ओलांडून थेट अमेरिकेत बफलोला जातात. त्या बसमधल्या निम्म्या लोकांची घरं स्टीलवर चालतात. तरी सगळे खाली माना घालून मोबाईल बघत होते. एकानं जांभई दिली. मला उठून ओरडावंसं वाटलं, अरे, निदान शिव्या तरी घाला!

मीही मोबाईल काढला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर पहाटेपासून धुमाकूळ चालला होता. 'आता मार्केट वर जाणार बघा.' 'भाच्याचा व्हिसा रिन्यू व्हायचाय, त्याचं काय होईल?' 'मी तर जूनमध्येच म्हणालो होतो.' कुणीतरी फटाक्यांचं चित्र टाकलं, कुणीतरी रडणारा चेहरा. मग ॲडमिन काकू आल्या: 'कृपया ग्रुपवर राजकारण नको. फराळाचे फोटो टाका.' पाच मिनिटांत चार घरचे अनारसे आले. 'अनारशांना जाळी छान पडलीये, पण पुढच्या दिवाळीला नोकरी कुणाकुणाची असेल?' असं मी लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. ते पुसल्याचाही राग आला.

वर्कशॉपच्या लंचरूममध्ये टीव्ही लावलेला होता. क्रेन चालवणारा म्हातारा इटालियन, इथे तीस वर्षं काढलेला, पाय पसरून बसला होता.

"बघितलंस ना, पोरी? शेवटी टेबलावर हात आपटणारा कुणीतरी आला."

"तो तुमच्याच टेबलावर आपटणारे."

"हट्! आपण शेजारी. शेजाऱ्याला कोण मारतंय?"

पॅकिंगला एक फिलिपिनो ताई आहे. तिची बहीण शिकागोत लोकांची घरं साफ करते, कागदपत्रांविना. ताई सकाळपासून तिला फोन लावत होती, तो उचलला जात नव्हता. एकाच खोक्यावर तिसऱ्यांदा टेप मारत होती.

दहा वाजता मालक वरच्या ऑफिसातून खाली उतरला. हातात कॉफी. सगळे गोळा झाले. तो म्हणाला, "ओव्हरटाइम तूर्त बंद. बाकी वेट अँड सी." आणि वर गेला.

वेट अँड सी! बघायचं म्हणजे काय बघायचं? कुणाची शिफ्ट आधी जाते ते?

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी कोल्हापूरच्या हॉस्टेलमध्ये पत्रकं काढत वाढले. मेसच्या डाळीत अळ्या निघाल्या, पत्रक. परीक्षा पुढं ढकलली, पत्रक. लायब्ररीचा पंखा बंद, पत्रक. एक कागद, मधे घडी, वर ठळक प्रश्न, खाली नावं. मला भाषण येत नाही, गोड बोलता येत नाही, पण दोनशे शब्दांत एखाद्याची झोप उडवता येते. इथे आल्यावर कॉलेज, असाइनमेंट, पार्ट-टाइम, मग वर्क परमिट, असं करत तीन वर्षं मी शहाण्यासारखी गप्प होते. त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर सरळ लायब्ररीत गेले आणि लिहायला बसले.

'वेट अँड सी म्हणजे किती दिवस?' असा मथळा. ऑर्डर कमी झाल्या तर कुणाचे तास आधी कापणार, हे मालकानं सगळ्यांसमोर सांगावं. आम्हाला भीती वाटते, आणि भीती वाटते असं म्हणायला आम्ही भीत नाही. असं बरंच. इंग्रजीत लिहिलं, पण चाल हॉस्टेलचीच. मग नेहमीसारखी खाली नावं टाकली.

आमच्याकडे पत्रकाखालची नावं विचारून टाकत नाहीत. लग्नपत्रिकेवर 'आपले विनीत' म्हणून अख्खं भावकीचं पान असतं, त्यातल्या कुणाला फोन करून परवानगी मागतात का? चौकातल्या फ्लेक्सवर पंचवीस शुभेच्छुक हसत असतात, त्यातल्या निम्म्यांना आपला फोटो लागलाय हे गावभर झाल्यावर कळतं. नाव टाकलं तर माणूस म्हणतो, 'कशाला उगीच.' गाळलं तर दोन वर्षं बोलत नाही. म्हणून मी सहा नावं टाकली. क्रेनवाला, ताई, रंगकामाचे दोघे, मी. आणि वयानं, अनुभवानं मोठा म्हणून सगळ्यात वर दादांचं.

दादा म्हणजे आमचा वेल्डर. इचलकरंजीचा. मला इथे नोकरी लागली ती त्यानं मालकाकडे शब्द टाकला म्हणून. वहिनी इथे कॉलेजला आल्या, त्यांच्या मागोमाग तो आला, मग त्यांची मुलगी झाली. वहिनींचं परमिट, आणि त्यावरच चालणारं दादाचं, मार्चमध्ये संपणार होतं. त्याआधी पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायला, अप्लाय करायचं, तर दादाला मालकाचं पत्र हवं: हा माणूस इथे अमुक काम करतो, इतके तास करतो, इतकी वर्षं करतो, खाली मालकाची सही. बाकी फाईल तयार होती. मालक दिवाळीआधीपासून 'या आठवड्यात देतो' म्हणत होता. हे सगळं मला ठाऊक होतं. दादा रोज जेवताना तेच बोलायचा. तरी नाव टाकताना मला ते पत्र आठवलं नाही. मला त्याचा मान आठवला.

सकाळी लवकर जाऊन मी पत्रक लंचरूमच्या फ्रीजवर लावलं, दहा प्रती टेबलावर ठेवल्या. अकराच्या सुमारास मालकानं दादाला वर बोलावलं. मला नाही, दादाला.

तो वीस मिनिटांनी खाली आला आणि हेल्मेट घालून परत वेल्डिंगला लागला. जेवायच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर बसले. वहिनींनी दिलेल्या चकल्यांचा डबा त्यानं नेहमीसारखा मधे सरकवला, पण स्वतः काही खाल्लं नाही.

"काय म्हणाला?"

"कागद दाखवला. म्हणाला, तुझं नाव पहिलं आहे, म्हणजे हे तू चालवतोयस का?"

"मग?"

"मग काय. गप बसलो."

"अहो, सांगायचं ना, मला माहीतच नव्हतं म्हणून!"

"आणि तू खोटी पडली असतीस ती? नाही म्हणालो असतो तर तू गोत्यात. हो म्हणालो असतो तर मी. म्हणून गप बसलो." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "माझं नाव टाकायला कुणी सांगितलं गं तुला?"

"दादा, तुम्ही मोठे. तुमचं नाव खाली कसं टाकणार?"

"मान दिलास होय? फार दिलास."

"पत्राचं काही बोलला?"

"बघू म्हणाला."

मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर आधी संतापच आला. मालकाचा आला, कारण त्यानं एका सहीवर माणूस लटकवून ठेवला होता. दादाचाही आला, कारण तो इतका घाबरतो. दुपारभर मी पॅकिंग स्लिपा चुकीच्या खोक्यांवर चिकटवत होते, आणि ताई त्या सोलून परत लावत होती. शेवटी तीच म्हणाली, "माझं पण नाव आहे त्यात. मला कुणी विचारलं नाही. माझी बहीण तिकडे लपून बसलीये, आणि तू माझं नाव भिंतीवर लावतेस." तेवढंच. मग पुढचं खोकं.

मी वर गेले.

"ते पत्रक माझं आहे," मी मालकाला सांगितलं. "नावं मी टाकली. कुणाला विचारलं नव्हतं."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे हे सगळे घाबरलेत, हे तू ठरवलंस."

"घाबरलेत हे खरं आहे."

"असेल. पण त्यांनी सांगितलेलं नाही ना? मग तसं लिहून लाव."

"आणि दादांचं पत्र?"

"ते वेगळं आहे. त्याचं मी बघतो."

मी जिना उतरले. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं तोच बरोबर बोलला होता. हॉस्टेलमध्ये आम्हाला पहिला धडा असायचा, छापलेलं मागे घ्यायचं नाही. वॉर्डननं तीनदा बोलावलं तरी मी घेतलं नव्हतं. तिथे माझं काय जाणार होतं? फार तर खोली. इथे जाणार होतं ते दादाचं होतं, आणि मार्च जवळ येत होता.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर दुसरं पत्रक लागलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं. 'कालच्या पत्रकाखालची नावं मी कुणालाही न विचारता टाकली होती. ज्यांची नावं होती त्यांची मी माफी मागते. प्रश्न मात्र माझा आहे आणि तो अजून आहे.' खाली एकच नाव. क्रेनवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "पोरी, तुझा जिंकलेला माणूस तर कधीच माफी मागत नाही!"

"माझा नाही, तुमचा!"

"बरं, माझा."

पुढचे दोन आठवडे मला चैन पडलं नाही. टीव्हीवर रोज नवा कर, रोज नवा आकडा, कधी लागणार, कधी नाही. ताईची बहीण चौथ्या दिवशी फोनवर आली, तेव्हा ताई वॉशरूममध्ये जाऊन रडून आली. माझे आठवड्याचे कामाचे दिवस पाचाचे तीन झाले. ऑर्डरमुळे की पत्रकामुळे, मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दादाशी कामापुरतं बोलणं चालायचं. मी रोज त्याच्याकडे बघायचे, तो मान हलवायचा, नाही.

दरम्यान मी तिसरं पत्रक केलं. तोच प्रश्न, पण खाली नावांच्या जागी नुसत्या ठिपक्यांच्या ओळी, आणि शेजारी दोऱ्यानं बांधलेलं पेन. ताईनं पहिली सही केली, माझ्याकडे न बघता. रंगकामाच्या दोघांनी केली. क्रेनवाल्यानं खिशातल्या पेन्सिलीनं केली.

"तुम्ही? तुमचा माणूस आलाय ना?"

"तो माझा असला तरी शिफ्ट माझीच आहे."

दादानं कागद दोनदा वाचला. वाकडं लागलेलं मॅग्नेट सरळ केलं. सही केली नाही, निघून गेला. मी मनातल्या मनात त्याला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

एका मंगळवारी मालकानं त्याला वर बोलावलं आणि पाकीट दिलं. दादानं ते जॅकेटच्या आतल्या खिशात घातलं, चेन लावली, चेन लागली का ते वरून चाचपून पाहिलं. मला म्हणाला, "झाली सही." इतकंच.

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत मालक सह्यांचा कागद हातात घेऊन खाली आला. कुणाचे तास कापायचे ते आत्ता सांगता येणार नाही, म्हणाला. खरंच माहीत नाही, म्हणाला. त्याचाही चेहरा रात्र रात्र जागल्यासारखा दिसत होता, पण मला त्याची दया आली नाही. मी बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला. दादा दाराशी उभा होता, हेल्मेट काखेत.

"सर," त्याच्या त्या तुकड्यातुकड्यांच्या इंग्रजीत तो म्हणाला, "तुम्हाला कळेल, त्याच दिवशी आम्हाला कळणार? की आम्हाला नंतर?"

मालकानं त्याच्याकडे बघितलं. "त्याच दिवशी."

"लिहून दे," क्रेनवाला म्हणाला.

मालक हसला. दुसरं कुणी हसलं नाही. मग त्यानं शिफ्टच्या बोर्डावर मार्करनं ते लिहिलं, खाली आद्याक्षरं टाकली, सह्यांचा कागद टेबलावर ठेवला, आणि वर गेला.

मी दादाला मशीनपाशी गाठलं. "आज कसं काय बोललात?"

"काल संध्याकाळी अप्लाय केलं. सबमिट झालं." तो हातमोजा चढवत होता. मग थांबला. "तो कागद कुठाय?"

मी धावत जाऊन टेबलावरून आणला. त्यानं हातमोजा परत काढला, वेल्डिंगच्या टेबलावर कागद ठेवला, आणि क्रेनवाल्याच्या पेन्सिलीच्या सहीखाली, सगळ्यात शेवटच्या ओळीवर, सावकाश आपलं नाव लिहिलं.