सासरा-जावई एका शिफ्टला

"बॉयलर कोण चालवतंय आज?" यान साहेबांनी विचारलं.

"हेल्पर," मी म्हणालो.

साहेब खुर्चीतून उठलेच. "आणि शिवलिंगअप्पा?"

शिवलिंगअप्पा, आमचे बॉयलर अटेंडंट, चार दिवस घरी बसले होते. "घरी अडचण हाय, आता येत न्हाई," एवढाच निरोप शेजाऱ्याकरवी आला होता.

लातूर तेव्हा नवा जिल्हा. कचेऱ्यांच्या पाट्या चकाचक आणि नळ कोरडे, अशी आमची प्रगती. मी मूळचा नांदेडचा, तेलाच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. मशिनरी हॉलंडची, ती बसवायला आलेले यान साहेबही तिकडचेच. माणूस सरळ. आमच्याकडे इतकं सरळ परवडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आधी घडलेलं सांगतो. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र तळाशी साचतात. म्हणून अधूनमधून खालचा व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. त्याला ब्लोडाऊन म्हणतात. ते टाळलं तर आतल्या नळ्यांवर खपल्या धरतात, नळ्या तापून फुटतात आणि जवळची माणसं जातात.

अप्पांनी ते पाणी सोडणं कमी केलं होतं. आमची नाली कंपाउंडबाहेर निघायची आणि तिथेच बायका घागरी मांडून टँकरची वाट बघत बसायच्या. ते उकळतं, खारट पाणी कुणाच्याच कामाचं नव्हतं. तरी त्यांच्या डोळ्यांदेखत ते गटारात सोडायला अप्पांचा हात धजत नव्हता.

साहेबांनी ते पकडलं आणि बॉयलर हाऊसमध्ये सगळ्यांसमोर झापलं. "तू निष्काळजी आहेस. तुझ्यामुळे माणसं मरतील." शब्दन् शब्द खरा होता. मी भाषांतर जमेल तितकं मऊ केलं, पण चढलेल्या आवाजाला आणि रोखलेल्या बोटाला भाषांतर लागत नाही. समोर पाना घेऊन फिटर बसवराज उभा होता. बसवराज म्हणजे अप्पांचा जावई. ज्याचे पाय धुऊन लेक दिली, त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अप्पा खाली मान घालून ऐकत राहिले आणि शिफ्ट संपल्यावर गेले ते गेलेच.

"पगार कमी पडतो का त्याला? दुसरीकडून बोलावणं आहे?" साहेबांना नोकरी सोडायची एवढीच कारणं माहीत.

"नाही. तुम्ही जावयासमोर बोललात."

"पण जावई तर रोज कामावर येतो!"

"येतो. त्याने घरी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी त्याची शिफ्ट बदलतो. थोडे दिवस जाऊ द्या, अप्पांना मी घेऊन येतो."

"मी दुखावलं असेल तर माफी मीच मागणार. आजच."

मी नको म्हणत होतो. साहेब जीपमध्ये जाऊन बसलेसुद्धा.

अप्पांच्या ओसरीवर उदगीरचे पाहुणे बसले होते. बसवराजचे वडील, म्हणजे अप्पांचे व्याही. अप्पा घरीच असतात असं कानावर आलं, म्हणून तब्येत विचारायला आले होते. त्यांना बाकी काही ठाऊक नव्हतं. मी साहेबांना म्हणालो, "आपण नंतर येऊ." पण साहेबांनी अप्पांचे दोन्ही हात धरले होते. ड्रायव्हरकडून मराठी वाक्यं पाठ करून आले होते बिचारे.

"अप्पा, मी सगळ्यांसमोर ओरडलो. बसवराजसमोर ओरडलो. मला माफ करा."

व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "आमच्या बसूसमोर? काय म्हनले?"

"कामातलं हाय, पाव्हणे. कायी न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"सोयऱ्याला असं बोलतेत, तिथं आमचं पोरगं कसं ठिवावं?"

पुढच्याच आठवड्यात बसवराज राजीनामा घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुला कुणी बोललंय का?"

"न्हाई साहेब."

"दुसरीकडे काम लागलंय?"

"न्हाई. बघायलोय."

"मग अशा दुष्काळात कशाला सोडतोस?"

"वडील म्हनले." मग तो म्हणाला, "लई आवडायलं होतं साहेब इथं." आणि डोळे पुसत बाहेर गेला.

साहेब मला म्हणाले, "दोन माणसं गेली. दोघांनाही जायचं नव्हतं." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. मलाही त्यांचं वाईट वाटलं.

बसवराज काम शोधत हैदराबादला गेला. बायकोला उदगीरला ठेवून गेला. तिच्या बापापायी आपल्या पोराची नोकरी गेली, हे सासरच्यांनी तिच्यावर धरलं. त्या पंचमीला तिला माहेरी पाठवलं नाही. पुढच्याही नाही.

पुढे एका कामासाठी किनवटला गेलो, तेव्हा अप्पा भेटले. आश्रमशाळेच्या होस्टेलात पाण्याचा पंप चालू-बंद करायच्या कामावर होते.

"साहेबाचं बरोबर व्हतं," आपणहून म्हणाले. "पाणी सोडाया पायजेच व्हतं."

"मग परत चला, अप्पा. बॉयलर तुमचाच आहे."

"आता यिऊन काय करू? मी आलो म्हनून पोर माहेरी येती का?"



त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. सासरा-जावई कधी एका शिफ्टला लावायचे नाहीत. नव्या मॅनेजरांनी कारण विचारलं, की सेफ्टी म्हणून सांगायचो आणि ते मान डोलवायचे. नियम चांगला आहे. अप्पा काम सोडून गेल्यावर केला, एवढंच.