दोघांपैकी एकाने

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. माझ्या संशोधनाचा विषय कर्तव्याचं तर्कशास्त्र. ‘अमुक केलंच पाहिजे’ अशा दोन वाक्यांचं जमत नसेल, तर त्यातून काय निष्कर्ष निघतो, हे चिन्हांत मांडायचं. परिसंवादांत यावर बोललं की लोक गंभीरपणे मान हलवतात आणि नंतर जेवण कुठे आहे ते विचारतात.

घर लातूरला आहे. बायको रेणापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी शनिवार-रविवार घरी. आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेअकराला. घरच्या माणसाने सही केल्याशिवाय दवाखान्यात यंत्र सुरू करत नाहीत, आणि यंत्रावरून उतरताना तिचा रक्तदाब घसरतो, म्हणून जवळ कुणीतरी लागतं. मी एकुलता. मंगळवार-शुक्रवार बायकोच अर्धी रजा टाकून सांभाळायची.

निवडणुकीत आम्हा दोघांनाही ड्यूटी लागली. मला किनवटकडच्या जंगलातलं केंद्र, तिला रेणापूरकडचं. मतदान शनिवारी, म्हणजे शुक्रवारी सकाळीच साहित्य घ्यायला हजर व्हायचं. शनिवारी शेजारच्या मावशी आईजवळ बसणार होत्या. प्रश्न शुक्रवारचा होता.

पतीपत्नी दोघंही ड्यूटीवर असतील तर एकाला सूट मिळते. पण आमचे जिल्हे दोन, त्यामुळे कार्यालयंही दोन. मी अर्ज केला की बायको ड्यूटीवर जात आहे, मला वगळावं. तिने केला की नवरा जात आहे, तिला वगळावं. कुणाचा तरी मंजूर होईल, हा हिशेब माझा. दोन्ही अर्ज परत आले. जोडीदार नक्की जाणार याचा पुरावा दोन्हीकडे हवा होता, आणि पुरावा म्हणून आम्ही एकमेकांचे सूट मागणारे अर्ज जोडले होते.

मग मी लिहिलं: पत्नीस सूट न मिळाल्यास मला मिळावी. लिपिकाने कागद माझ्याकडे सरकवला.

“सर, अर्जात अट घालायची न्हाई. एक काय ते लिहा.”

“एक काय ते तुम्ही ठरवाल म्हणून लिहिलं.”

“मी कशाला ठरवू? मलाबी ड्यूटी हाय.”

त्याचं बरोबर होतं. दोघांवर मिळून एक कर्तव्य असलं, तरी त्यातून पहिल्यावर काही सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरही नाही. हे मी फळ्यावर अनेकदा सिद्ध करून दाखवलंय. नेहमीच्या पद्धतीत परस्परविरोधी दोन कर्तव्यं खरी धरली की कोणतंही कर्तव्य सिद्ध करता येतं, अगदी प्राचार्यांच्या गाडीवर चढून नाचणंसुद्धा. वर्गात या वाक्याला मुलं हसतात. त्या आठवड्यात मला हसू येत नव्हतं. गैरहजर राहिलं तर गुन्हा दाखल होतो, हे दोन्ही आदेशांवर ठळक छापलं होतं.

गुरुवारी फोनवर बायकोला मी सगळे पर्याय समजावून सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “अहो, तुम्ही जाताय का, एवढंच सांगा.”

मी म्हणालो, जावं लागेल.

“बरं,” ती म्हणाली. पलीकडून आईचा आवाज आला, “मला कुणी आदेश दिला न्हाई. मी रिक्षानं जाते.” सही कोण करणार, हे आईने हिशेबात धरलं नव्हतं.

शुक्रवारी आठला मी साहित्याच्या रांगेत होतो. यंत्रं, शाई, पाकिटांचा गठ्ठा. एक साहेब लोकशाहीवर बोलत होते आणि ध्वनिक्षेपक त्यांना मधूनमधून गप्प करत होता. नऊला बायकोचा फोन आला. क्षेत्रीय अधिकाऱ्यांना सांगितलंय, राखीव माणूस मिळाला तर सोडतो म्हणालेत. दहाला पुन्हा: राखीव गुरुजी आलेत, शेजारीच बसलेत, पण साहेब बैठकीत आहेत, त्यांच्या सहीशिवाय बदल होत नाही. साडेदहाला मी फोन केला, तिने उचलला नाही. अकराला उचलला नाही. आमची बस सुटली. रस्ता सागाच्या जंगलात शिरला आणि रेंज गेली.

साडेअकरा वाजले तेव्हा मी मांडीवर यंत्र धरून बसलो होतो. शेजारच्या शिक्षकाने विचारलं, तब्येत बरी नाही का. गाडी लागते, असं मी सांगितलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्यांची शाळा. कोतवाल म्हणाला, रेंज पाहिजे तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. मशीन सोडून जायचं नसतं. पाच वाजता पोलीस शिपायाला मशीनपाशी बसवून मी जिना चढलो. तिचा निरोप येऊन पडला होता: “झालं. बीपी ठीक आहे. झोपल्यात.”

ती पावणेअकराला निघाली होती. मतदार यादी राखीव गुरुजींच्या हातात दिली, सही कुणाची घेतली नाही, आणि एका ओळखीच्या मोटारसायकलवर बसून लातूर गाठलं. घरून आईला घेऊन दवाखान्यात पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. पलंग दुसऱ्याला देण्याची तयारी चालली होती.

पंधरवड्याने कारणे दाखवा नोटीस आली. तिच्या नावाने. माझ्या नावाने काही आलं नाही, कारण मी हजर होतो. कर्तव्य मोडलं तरी ते संपत नाही, मागे काहीतरी शिल्लक राहतं, असं माझ्या शास्त्रातले लोक म्हणतात. ती शिल्लक तिच्या सेवापुस्तकात जाणार होती.

उत्तर मी लिहून देतो म्हणालो. अडीच पानं लिहिली. तिने वाचली, घडी करून बाजूला ठेवली आणि स्वतः लिहिलं: सासूबाईंना डायलिसिसला नेले, कारण त्यांना नेणारे दुसरे कोणी हजर नव्हते.

मी म्हणालो, दुसरे कोणी नव्हते, हे तितकंसं खरं नाही.

“मग खरं काय ते तुम्ही लिहा,” ती म्हणाली, आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी ते उचललं नाही. तिने खाली सही केली. नोटिशीवर निर्णय अजून आलेला नाही.