सदरमध्ये जाऊन सांगा

हे गेल्याची बातमी आमच्या सक्करदऱ्यात पसरायच्या आधी शहराच्या दुसऱ्या भागात, सदरमध्ये पोचली असावी, कारण नातेवाइकांच्याही आधी दारात उभा राहिला तो यांचा जुना मालक. हार वाहून झाला आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "हिरा होता हिरा. बस, शेवटी हात बिघडला बिचाऱ्याचा." तिरडी अजून उचललेली नव्हती... माझं रडणं तिथेच थांबलं. दीड महिना झाला, लोक समजावतात, माणूस गेला, आता वैर सोड. मी नाही सोडणार.

माझे यजमान सदरमध्ये त्याच्या गॅरेजात गाड्यांना फवाऱ्याने रंग मारत. एका जागी रंग जास्त बसला की तो खाली ओघळतो. एकदा एका नव्या गाडीच्या दारावर असा ओघळ आला. आला यांच्याच हातून, मी झाकून ठेवत नाही. कोणाच्या हातून येत नाही? हे म्हणाले, राहू द्या, पक्का वाळला की काढतो. पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं, मालकाला दम निघेना. त्याने थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घेतलं आणि ओल्या रंगावरून फिरवलं. दाराचं पार वाटोळं झालं. वर सगळ्यांसमोर म्हणाला, "याचा हात थरथरते. याले आता ठेवत नाही." तेवढ्यावर थांबला असता तर... पण सदरमधल्या एकूणएक गॅरेजात त्याने तेच पसरवलं. तिथे पुन्हा कोणी यांच्या हाती फवारा दिला नाही. ओळखीचे लोकसुद्धा हात मिळवताना आधी बोटांकडे बघत. हे हसून सोडून देत. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

मग घराशेजारी टिनाचं शेड टाकलं आणि तिथे यांनी मला ओघळ काढायला शिकवलं. चांगल्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून ओघळाच्या दोन्ही बाजूंना टेप लावायची, लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून साबणाच्या पाण्यात भिजवायचा, आणि फक्त उंचवट्यावर, हलक्या हाताने घासायचं. पहिल्याच वेळी मी घाई केली. रंग आतून कच्चा होता, कागदाला चिकटून आला. हे चिडले नाहीत. "तू मालकाची बहीण हायस का वं? काहून एवढी घाई?" आणि दिवसभर मला मालकीणबाई म्हणत राहिले.

शेड आता मीच चालवते. मागच्या आठवड्यात तोच मालक स्वतःची गाडी घेऊन तिथे आला. मुलीचा साखरपुडा तोंडावर, गाडी त्याच्याच माणसांनी नव्याने रंगवलेली, आणि दारावर हा लांबच लांब ओघळ. घासायला जावं तर रंगच निघेल, या भीतीने त्याच्याकडे कोणी हात लावेना. "वहिनी, तुमीच करून द्या." मी किल्ली मागून घेतली. दोन गिऱ्हाइकं आणि शेजारचा चहावाला तिथेच उभे होते. त्यांच्यादेखत विचारलं, "भाऊ, त्या दिवशी ओल्या रंगावर फडकं कोणं फिरवलं होतं?"

"जाऊ द्या ना वहिनी, मेलेल्या माणसाचं..."

"मेलेल्याचंच विचारून राहिली मी."

चहावाल्याने हातातला ग्लास पुसणं थांबवलं. मालक खाली बघत म्हणाला, "मीच."

"इथं सांगून काय फायदा? सदरमध्ये जाऊन सांगा. ज्या ज्या गॅरेजात तवा गेले होते, तिथं तिथं."

गाडीचा रंग मी पक्का वाळू दिला. मग घासलं, पॉलिश केलं. ओघळ कुठे होता, ते आता मालकालाही दाखवता येणार नाही. दुपारी हे बनियनवर बसून ज्या कोपऱ्यात रेडिओ ऐकायचे, तिथे गाडी उभी आहे; त्या कोपऱ्याला अजून यांच्या कपड्यांचा, थिनरचा वास आहे. किल्ली माझ्या कमरेला. काल मालकाचा फोन आला, दोन गॅरेजांत सांगून आलो म्हणाला. मी खात्री करून घेतली, खरंच सांगितलं होतं. साखरपुडा रविवारी आहे, आणि सदरमध्ये गॅरेज पुष्कळ आहेत.