एक हातचा

नानासो मेटकऱ्यांचं खरं वय एकसष्ट. विचाराल तर ते साठ सांगतात. पुढच्या वर्षी विचाराल तर एकसष्ट सांगतील. म्हणजे माणूस खोटं बोलतो असं नाही, फक्त स्वतःच्या मागून एक वर्ष चालतो.

वयाचंच नव्हे, सगळ्याचंच तसं. कोंबड्या सात असल्या तर सहा. दावणीला तीन जनावरं असली तर दोन. लेकाच्या लग्नात मुलीकडच्यांनी विचारलं, “बैठकीला किती माणसं येणार?” नानासोंनी सवयीनं एक कमी सांगितलं आणि त्यांचा सख्खा मेव्हणा पहिल्या पंगतीला ताटाविना उभा राहिला. तो अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. नानासोंना त्याचं फारसं दुःख नाही.

ही खोड त्यांना वडिलांकडून आली. आकाराम मेटकरी मेंढरं घेऊन खडकमाळावरून निघायचे ते थेट कृष्णाकाठच्या रानांत उतरायचे. लेंडीखतासाठी शेतकरी कळप रानात बसवून घ्यायचे आणि हटकून विचारायचे, “किती मेंढरं हायत?” आकाराम म्हणायचे, “हायत की थोडीफार.” पुरा आकडा तोंडातून काढला की कळपाला दृष्ट लागते, अशी त्या घराची ठाम समजूत. फारच कुणी खनपटीला बसलं तर आकडा सांगायचा, पण एक मेंढरू वगळून. आणि वगळायचं तेही कुठलंतरी नाही, कळपातलं सगळ्यात जिवाचं.

नानासो शाळेत गेले दीड-दोन वर्षं. तिथे गुरुजींनी बेरीज शिकवायला घेतली. आठ आणि पाच तेरा, तीन लिहायचे, एक हातचा. हे ऐकून पोरगं हरखून गेलं. सरकारी गणितातसुद्धा एक हातात राखून ठेवायची सोय आहे म्हणजे आपला बा बरोबरच होता. हातच्याचं पुढे काय करायचं हे गुरुजी दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण दुसऱ्या दिवशी कळप हलला आणि कळपाबरोबर नानासोही. त्यामुळे हातचा जो हातात राहिला तो राहिलाच.

पुढे मेंढरं कमी झाली. नानासो शिरवळला कारखान्यांच्या बांधकामावर बिगारी म्हणून गेले, गवंडी झाले आणि गावी परत येऊन ठेकेदार झाले. अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या, शाळेच्या भिंती अशी कामं त्यांनी आसपासच्या वाड्यांवर केली. काम चोख. त्यांच्या भिंतीला ओळंबा लावून बघायला आलेले साहेब ओळंबा न काढताच चहाला बसतात.

खडकमाळच्या जिल्हा परिषद शाळेची नवी इमारत हे त्यांच्या हातचं शेवटचं मोठं काम, आणि गावातलं म्हणून लाडकंही. पाच खोल्या. चार खोल्या गवंड्यांनी बांधल्या. कडेची पाचवी मात्र नानासोंनी गुडघे दुखत असताना स्वतः थापी धरून केली. सकाळचं ऊन तिच्यात आधी येतं. गिलावा असा गुळगुळीत की भिंतीवर पाल टिकत नाही, असं ते सांगतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण पालीला कोण विचारायला जातंय.

पूर्वी खोली बांधली, किल्ली दिली, नारळ फुटला की काम संपायचं. आता खोली बांधणं सोपं आणि तिची माहिती भरणं अवघड झालंय. ठेकेदारानं एका संकेतस्थळावर माहिती भरायची, शाळेनं दुसऱ्या. खिडक्या किती, नळ किती, उताराचा रॅम्प आहे का, कठडा आहे का, फळा हिरवा का काळा. कुठल्या वाडीतल्या कुठल्या नळाला पाणी नाही हे सरकारला आता बसल्या जागी कळतं. नळाला ते अजून कळलेलं नाही.

नानासो संगणकाच्या वाटेला जात नसत. कडेगावच्या सेवा केंद्रातला पोरगा त्यांची माहिती भरायचा. त्यानं फोन केला तेव्हा नानासो स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले होते. भोवती ओळखीची आणि बिनओळखीची पाचपन्नास माणसं भजी खात होती.

“आप्पा, वर्गखोल्या किती लिहू?” पोरानं विचारलं.

नानासोंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे कान फोनकडे लागल्यासारखे त्यांना वाटले.

“लिही की चार,” ते हळूच म्हणाले.

पोरानं चार लिहिलं. त्याला काय ठाऊक की मेटकऱ्यांच्या घरात चार म्हणजे पाच.

तिकडे मुख्याध्यापिका क्रांती मॅडमनी शाळेच्या बाजूनं पाच खोल्या भरल्या. दोन्हीकडची माहिती वर कुठेतरी एकमेकांना भेटली आणि तिचं पटलं नाही. शाळेच्या नावापुढे लाल खूण आली. नुसती खूण आली असती तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण त्याच वर्षी खडकमाळला पाचवीचा वर्ग मिळायचा होता, आणि वर्ग मिळायची अट अशी की प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली हवी. पत्र आलं: ठेकेदाराच्या माहितीनुसार खोल्या चारच आहेत, सबब पाचवीस मान्यता देता येत नाही. पडताळणीत पाचवी खोली सिद्ध न झाल्यास मुलांनी ओढ्यापलीकडच्या गावी दाखल व्हावं.

क्रांती मॅडम पत्र घेऊन तडक नानासोंच्या अंगणात आल्या. त्यांच्या घरधनीण बनाबाई सुपात जोंधळे पाखडत होत्या. नानासो बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

“आप्पा, तुम्ही खोल्या चार सांगितल्या?”

“व्हय. एक हातचा ठिवला.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, ती शाळा आहे, कळप नाही. पाचवीची अकरा मुलं आहेत. तुमची प्रांजल आहे त्यात.”

प्रांजल म्हणजे त्यांच्या लेकीची, राणीची, मुलगी. राणी गावातच दिलेली आणि शाळेत पोषण आहार शिजवायला होती. नानासोंचा अडकित्ता थांबला.

“येऊन बगू द्या की साहेबास्नी. खोली काय पळून जातीया?”

“बघून चालत नाही. ठेकेदारानं स्वतःच्या तोंडानं आकडा सांगायचा, त्याचा व्हिडिओ घेतात. तुम्हीच सांगितलेली माहिती तुम्हीच दुरुस्त करायची.”

नानासोंनी मान हलवली. “तोंडानं न्हाई सांगायचा मी. त्या खोलीला कायतरी हुईल. लय जिवाची हाय ती.”

बनाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“मॅडम, ह्यांचा हातचा मला इचारा,” त्या म्हणाल्या. “राणी चौथी पास झाली तवा गावात पुढं वर्गच न्हवता. लेकाला, राजवर्धनला, सायकल घिऊन दिली, त्यो गेला वड्यापल्याड. ही ऱ्हायली मेंढरांमागं. मग एक गुरुजी आलं घरोघर, शाळंबाहीरची पोरं लिवायला. ह्यास्नी इचारलं, पोरं किती. हे म्हणालं, एक ल्योक हाय. गुरुजीनं एक लिवलं आन् गेलं. पोरगी हितं दाराआड हुबी. तिचं नावच न्हाई लागलं, तर तिला न्यायला कोण येतंय?”

नानासोंनी अडकित्ता बाजेवर ठेवला. अंगणात कोंबड्या, सात, टोचत फिरत होत्या.

“ती पोरगी म्हणून न्हवती वगळली गं,” नानासो म्हणाले. “ती लय जिवाची हुती म्हणून.”

“ठावं हाय मला,” बनाबाई म्हणाल्या. “पर ते सरकारला कसं कळावं? आन् तिला तरी कसं कळावं?”

क्रांती मॅडम मूळच्या गणिताच्या. त्यांना राहवलं नाही. “आप्पा, हातचा कायमचा हातात ठेवायचा नसतो. तो पुढच्या घरात मिळवायचा असतो. तिथं मिळवायचा विसरलं की सगळी बेरीज चुकते.”

नानासोंनी त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सांगायचं ते त्यांना आज कळत होतं, नातीच्या मुख्याध्यापिकेकडून. मधली वर्षं मोजायची त्यांना हिंमत झाली नाही.

पडताळणीला आल्या त्या संयोगिता मॅडम, नव्यानं लागलेल्या इंजिनिअर. सकाळची शाळा होती, ऊन तापायला लागलेलं. त्यांनी टेप लावून खोल्या मापल्या, पाचवीत जाऊन भिंतीवरून हात फिरवला आणि “छान आहे,” म्हणाल्या. नानासोंना वाटलं, भागलं. मग त्यांनी मोबाइल उभा धरला.

“हं, नाव सांगा आणि खोल्या किती ते सांगा.”

“मी नानासो आकाराम मेटकरी. ह्या शाळंच्या खोल्या बांधल्या.”

“किती?”

“ह्या काय समोरच हायत.”

“आकडा सांगा, आप्पा.”

“चार,” नानासो म्हणाले, आणि क्रांती मॅडमचा चेहरा बघून घाईनं म्हणाले, “आन् ती पल्याडची.”

“असं नाही चालत. परत घेते.”

दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, “पाचाच्या आसपास.” तिसऱ्या खेपेला त्यांनी हाताचा पंजा दाखवला, पण अंगठा मुडपून. संयोगिता मॅडमनी रुमालानं घाम पुसला. मोबाइलची बॅटरी उतरत चालली होती आणि तालुक्याला परत जायची वेळ झाली होती. व्हिडिओ न घेता त्या गेल्या तर लाल खूण तशीच राहणार होती.

नानासोंची नजर इकडेतिकडे फिरली. स्वयंपाकाच्या शेडच्या दारात राणी डाव हातात धरून उभी होती. तशीच, अर्धी दाराआड. बघत होती, पण मध्ये काही बोलत नव्हती. लहानपणी बोलली नव्हती तशीच.

“पाच,” नानासो म्हणाले. इतक्या मोठ्यानं की दुसरीच्या वर्गातला पाढा थांबला.

म्हणून झाल्यावर त्यांनी पाचव्या खोलीकडे पाहिलं. ती जागेवर होती. पत्रा उडाला नव्हता, भिंतीला तडा गेला नव्हता.

संयोगिता मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला आणि कागदावरचं ठरलेलं वाक्य वाचलं. “आपण दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे ना?”

आता फक्त हो म्हणायचं होतं. नानासोंनी शेडकडे पाहिलं.

“खरी हाय. पूर्ण न्हाई.”

“आता काय राहिलं?”

“मला पोरं दोन हायती. राजवर्धन आन् राणी. राणी चौथीपतूर शिकली. पुढं खोली न्हवती आन् मी तिचं नाव सांगितलं न्हवतं. ती हुशार हुती. लिवा तेवडं.”

संयोगिता मॅडम गोंधळल्या. “आप्पा, त्याला रकाना नाही.”

“नसू दे. बोललुया मी, ते जाऊ द्या तसंच.”

व्हिडिओ परत घ्यावा का म्हणून त्यांनी क्रांती मॅडमकडे पाहिलं. क्रांती मॅडम पदरानं चष्मा पुसत होत्या. मग संयोगिता मॅडमनी बटण दाबलं आणि खडकमाळच्या वर्गखोल्यांची माहिती राणीसकट सरकारजमा झाली.

राणी शेडमधून बाहेर आली. बापासमोर उभी राहिली. डाव अजून हातातच.

“एवड्या वर्सांनी मोजलंसा व्हय मला,” ती म्हणाली. तिला रागवायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. पण राग नीट जमेना, डोळे भरून आले. मग ती म्हणाली, “भात तयार हाय. खाऊन जावा. उनाचं उपाशी कुटं जाताय.” आणि पोरांच्या ओळीच्या शेवटी तिनं बापाला ताट वाढलं.

जूनमध्ये पाचवी भरली. कडेच्या खोलीत सकाळचं ऊन आणि अकरा पोरं. नानासो पहिल्या दिवशी उगाच कुंपणाशी उभे होते, दार नीट लागतं का बघायला आलोय म्हणत. मधल्या वेळेत प्रांजलनं आईला आत नेऊन आपली जागा दाखवली. राणी तिथे क्षणभर बसली. फळ्याकडे बघत राहिली. मग आमटी उतू जाईल म्हणून लगबगीनं उठली.

परत येताना पारावर कुणीतरी हटकलं, “नानासो, पाचवीला किती पोरं झाली रं शाळंत?”

पारावरच्या सगळ्यांनी मनातल्या मनात एक मिळवायची तयारी केली. दहा म्हणाले तर अकरा समजायचं, गावाला ते पाठच होतं.

“बारा,” नानासो म्हणाले.

मागून येणाऱ्या क्रांती मॅडम थांबल्या. हजेरीवर अकराच नावं होती, त्यांनी सकाळीच हाक मारून घेतली होती. त्या दुरुस्त करायला तोंड उघडणार इतक्यात नानासो त्यांच्याकडे वळून म्हणाले, “हातचा मिळवलाय, मॅडम.”

मॅडमनी मान डोलावली आणि बसच्या वाटेला लागल्या.